टिकलीएवढं वजन

पहिल्या रविवारी खेळण्यातलं हेलिकॉप्टर वर गेलं आणि छताच्या पंख्यापासून हातभर खाली थांबलं. शेखर, माझा मुलगा, म्हणाला, "बघ आई, खिळा ठोकल्यासारखं उभं आहे." सून राजश्रीनं टाळ्या वाजवल्या, "अय्या, खरंच की!" मी मान वर करून बघत होते, आणि मला ते गोल फिरताना दिसत होतं. घाई नाही, गडबड नाही. उजवीकडं सरकायचं, परत मूळ जागी यायचं, परत उजवीकडं सरकायचं. त्याच्या मागं छतही थोडं थोडं सरकत होतं. मी म्हटलं, "हो की." आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या, गाडी भरेल एवढ्या, पण ही दोन अक्षरांची सगळ्यात छोटी थाप, आणि हीच सगळ्यात जड गेली. मी मान खाली घातली, डोळे मिटले, दहा आकडे मोजले. उघडले तर टीव्ही, शोकेस, बाबासाहेबांचा फोटो, सगळं आपापल्या जागी. राजश्री विचारत होती, "आई, चहा टाकू?" मी म्हटलं, "टाक, आलं जास्त घाल." आवाज माझाच होता.

हे हेलिकॉप्टर म्हणजे वीतभर लांबीचं, नारिंगी रंगाचं. माझ्या नातीनं, संघमित्रानं, बंगलोरहून बापाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पाठवलं. बरोबर चिठ्ठी, "बाबा, हे आजीनं बनवलेलं नाही, कंपनीचं आहे. चालवून घ्या." त्या चिठ्ठीला शेखर हसला, पण कसा, तर दात न दाखवता. त्याचं कारण पुढं येईल. शेखर न्हावा शेव्याला एका एजंटाच्या ऑफिसात आहे. कागदावर लिहिलंय तेच कंटेनरच्या आत आहे का, हे बघायचं त्याचं काम. माझ्या पोटचा पोरगा आणि धंदा असा निवडला. त्यानं मला खेळणं समजावून सांगितलं होतं. एकाच दांड्यावर दोन पंखे, एकावर एक. खालचा एका बाजूनं फिरतो, वरचा उलट्या बाजूनं. दोघं एकमेकाला अडवतात म्हणून मधलं धूड गरगरत नाही, सरळ राहातं. "म्हंजे नवरा-बायको," मी म्हटलं. "आणि ही सगळ्यात वरची आडवी काडी, टोकाला गोळ्या असलेली?" "ती तोल सांभाळते, आई. हेलिकॉप्टर कलंडायला लागलं की ती वरच्या पात्यांना परत सरळ करते." "म्हंजे सासू," मी म्हटलं. राजश्री स्वयंपाकघरात जाऊन हसली.

त्या रविवारनंतर मी वर बघायचं बंद केलं. सोपं नसतं ते. गॅलरीत कपडे वाळत घालायची दोरी वर, डाळीचा डबा वरच्या फळीवर, आणि कोपरखैरण्याच्या आमच्या बिल्डिंगीतल्या बायका हाक मारणार त्या वरच्या मजल्यावरून. राजश्रीनं विचारलं, "आई, कपडे खुर्चीवरच का टाकता हल्ली?" मी सांगितलं, वर दोरीवर रोज दुपारी एक फ्लेमिंगो येऊन बसतो, त्याची ओळख आहे माझी, त्याला उठवायचं जिवावर येतं. ती म्हणाली, "बरं." माझ्या थापांची ही मोठी सोय. फ्लेमिंगोंचं माझं जुनंच खातं आहे. पूर्वी ते पांढरेफेक होते. भीमजयंतीला घेतलेली माझी गुलाबी साडी मी ऐरोलीच्या खाडीत धुवायला नेली, तिचा रंग सुटला, आणि तेव्हापासून ते असे झाले. हे मी संघमित्राला इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच ती साडी आठवते, काठ कुठं विटला होता तेसुद्धा. म्हणून भीती वाटत होती. गुडघा गेला तर गेला, दात तर गेलेच. पण माझं डोकं म्हणजे माझं दुकान. सगळा माल तिथंच. तेच जर फिरायला लागलं, तर कुठली गोष्ट मी रचली आणि कुठली आपोआप झाली, हे कोण सांगणार? दुपारी खाटेवर पडले की मी मुद्दाम हळूच वर पंख्याकडं बघायची. पण पंखा तर फिरतोच. त्याची साक्ष काय धरायची?

दुसऱ्या रविवारी हेलिकॉप्टर शोकेसवर आपटलं. खालच्या पंख्याचं एक पातं मोडलं. डब्यात जादा पाती होती, शेखरनं त्यातलं एक काढून लावलं आणि परत उडवलं. आणि ते डुगडुगलं. सगळ्यांना दिसेल असं डुगडुगलं, उकळीवर ठेवलेल्या भांड्याच्या झाकणासारखं. "अरे यार," शेखर म्हणाला. "आता हे काय?" राजश्री म्हणाली, "किती हलतंय हो." आणि मला, कसं सांगू, इतकं बरं वाटलं. डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरवून घ्यावी तसं. मी मान वर केली. हलतंय. तेही हलतंय आणि मलाही हलताना दिसतंय. कदाचित पहिल्या दिवशीही हलत असेल, या दोघांना दिसलं नसेल. माझी नजर तयार आहे, यांची नाही. असं मी स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला सांगितलेली थाप सगळ्यात चविष्ट लागते.

नजर तयार आहे हे मात्र खोटं नाही. रबाळ्याला पंख्यांचा कारखाना होता, तिथं मी बावीस वर्षं काढली. आमचं काम पाती जुळवायचं. कापून आलेली पाती एकसारखी दिसतात, पण एकसारखी नसतात. काट्यावर एकेक ठेवायचं, वजन बघायचं, खडूनं खूण करायची, आणि सारख्या वजनाची तीन-तीन बांधायची. पंख्याला तीन पाती हवीत ती एका वजनाची. म्हणून घरचा पंखा धुवायला काढला तर त्याची पाती दुसऱ्या पंख्याला लावू नये, तो जन्मभर थरथरतो. लोकांना माहीत नसतं. माझ्या शेजारी वैजयंती म्हणून एक बाई बसायची, आमच्यात जुनी. मी नवीन असताना एक पंखा थरथरला आणि मी विचारलं, हा का हलतोय? ती म्हणाली, "अगो बये, पंख्याला 'का' विचारू नये. तो सांगत नाय. 'कुठल्या बाजूला' इचार. ते तो लगेच सांगतो." आमच्या हॉलमधला पंखा तिथलाच आहे. पाती मीच निवडून बांधली. चाळीस वर्षं झाली, कुईसुद्धा करत नाही. हेलिकॉप्टर उडवताना वारा नको म्हणून शेखर तो बंद करतो, खिडक्या लावतो. रविवारची दुपार, पोटात मटण, घामाच्या धारा, आणि त्या शांततेत मला त्या खेळण्याचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. भर्रर नाही. भर-र, भर-र. एक पाय आखूड असल्यासारखा. नवं पातं जड आहे, हे मला शेखरनं दुसऱ्यांदा उडवायच्या आतच कळलं होतं. मी म्हटलंसुद्धा, "शेखर, पाती जोडीची नाहीत रे." तो रिमोटवरची नजर न काढता म्हणाला, "आई, ही प्लास्टिकची आहेत. मशीनमधून येतात. सगळी सेम." मी गप्प बसले. आणि मला गप्प बसायला आवडलं, हेही सांगून टाकते.

बुधवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. मी हेलिकॉप्टर मांडीवर घेतलं. बघते तर पाती स्क्रूवर लुळी, हलवली की पडतात, म्हाताऱ्याच्या दातांसारखी. कारखान्यात असं पातं पुढं पाठवलं असतं तर सुपरवायझरनं माझी हजेरी कापली असती. आमच्याकडं पहिला नियम, पातं गच्च. एकदा एक ढिला पंखा टेस्टिंगला लावला, तर तो छताचा हूक उपटून फोरमनला शर्टाच्या कॉलरला धरून पार खाडीपर्यंत घेऊन गेला, फोरमन संध्याकाळी मासळीच्या होडीतून परत आला. बरं, होडीचं सोडा. पण ढिलं पातं वाईट, हे खरं. मी शेखरचा छोटा पेचकस घेतला आणि चारही स्क्रू आवळले. चांगले आवळले. हात अजून तयार आहेत माझे. पुढच्या रविवारी ते हेलिकॉप्टर असं नाचलं की राजश्री सोफ्यावर पाय घेऊन बसली. तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलं. मी बोलले नाही. आणि मग रोज दुपारी खाटेवर पडून तोच विचार. मी मदत करायला गेले होते, हे नक्की. नक्की का? ते जोवर हलतंय तोवर माझं डोकं सुटलं. हातानं पेचकस फिरवला तेव्हा हाताला हे माहीत होतं का? हात डोक्याला न विचारता किती तरी करतात. पोळी उलटतात, पदर सावरतात.

चौथा रविवारही तसाच गेला. शेखरनं फोनवर व्हिडिओ बघितले, बॅटरी बोटभर पुढं सरकवली, मग मागं सरकवली, वरची काडी पुसली, दांडा सरळ आहे का म्हणून डोळ्यासमोर धरला. रोज ऑफिसातून आला की बूट न काढता टीपॉयपाशी बसायचा. त्याची मान वाकलेली मागून दिसायची. टक्कल पडत चाललंय तिथं लहानपणीचा भोवरा अजून आहे. आठ वर्षांचा होता तेव्हा आमी दिघ्याला चाळीत राहायचो. वरून हेलिकॉप्टर जायचं, समुद्राकडं, आणि हा बाहेर पळायचा. "आई, हे कोण बनवतं?" मी भाकरी थापत होते. म्हटलं, "आमी. वरची पाती मी जुळवते." किती सोपं होतं ते. निम्मं तर खरंच होतं. त्यानं शाळेत 'माझी आई' या निबंधात लिहिलं, माझी आई हेलिकॉप्टर बनवते. गुरुजींनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. वर्ग किती वेळ हसला ते त्यानं मला सांगितलं नाही, शेजारच्या मधुकरनं सांगितलं. शेखर घरी आला, दप्तर ठेवलं, माझ्यासमोर बसला. "आई, खरं सांग. तू काय बनवतेस?" आठ वर्षांच्या पोराचे ते डोळे. तेव्हा 'पंखे' म्हणायचं होतं. एकच शब्द. मी म्हटलं, "हेलिकॉप्टरच रे, पण उलटी टांगलेली." मला वाटलं हसेल. तो उठून हातपाय धुवायला गेला. त्यानंतर त्यानं मला परत काही विचारलं नाही. विचारलं ते एकदाच, कांडल्याहून, फोनवर. तेव्हा तो तिकडं बंदरात नवीन नोकरीला लागला होता आणि आमचे हे, शिवराम, अंथरुणाला लागले होते. "आई, बाबांचं कसं आहे? येऊ का?" मी म्हटलं, "थोडा ताप आहे. तू कशाला दगदग करतोस? सकाळीच बिल्डिंगीला दोन चकरा मारल्यात त्यांनी." हे खाटेवरून उठतही नव्हते. शेखर आला तेव्हा हे खाली होते, चटईवर, फुलांत. त्याबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही. अजून बोललेला नाही. पोह्यात मीठ घातलंय म्हटलं तरी चाखून बघतो.

पाचव्या रविवारी जेवणं झाली, खिडक्या लागल्या, पंखा बंद झाला. हेलिकॉप्टर उठलं, नाचलं, दाराच्या पडद्यात शिरलं आणि पडलं. शेखरनं ते उचललं, पुसलं, खोक्यात ठेवलं. "जाऊ दे. माळ्यावर टाकतो." राजश्री म्हणाली, "अहो, संघमित्राला काय सांगाल? तिनं हौसेनं पाठवलंय." "सांगेन, छान उडतंय." तो हे म्हणाला आणि मी दचकले. माझा पोरगा थाप मारणार होता. तीही इतकी वाईट, बिनमिठाची. आणि त्याचा चेहरा तो होता, निबंधाच्या दिवसाचा. हातपाय धुवायला उठतानाचा. माळ्यावर गेलं की मी सुटले, हे मला कळत होतं. खोकं बंद, साक्षीदार बंद. मी म्हटलं, "शेखर, थांब. स्क्रू मी आवळले."

"काय?"

"पात्यांचे. तू कामावर गेलेलास तेव्हा. ढिले होते म्हनून."

राजश्रीनं तोंडावर हात ठेवला. मग शेखर म्हणाला, "आई, हे मात्र मला लगेच खरं वाटतंय."

"मारतोस का आता?"

"अगं, इथं ढिलेच लागतात. फिरायला लागली की पाती ओढ घेऊन आपली आपण सरळ होतात. गच्च असली की वाकडी ती वाकडीच राहतात. तीन आठवडे मी सगळं तपासतोय आणि स्क्रू मी आवळलेच नाहीत म्हणून तिकडं बघितलंच नाही."

"आमच्या पंख्याला ढिलं चालत नाय."

"हा पंखा नाहीये, आई."

"बरं, नाय. पण जोडीचं मी बोलले ते ऐक. एकदाच ऐक. खोटं निघालं तर माळ्यावर टाक, वाटल्यास मलापण टाक."

काय झालं कोण जाणे, तो खाली बसला. एक चूक कबूल केली म्हणून असेल. कागदावरचं आणि आतलं पहिल्यांदा जुळलं असेल. मी राजश्रीला दाभण आणायला सांगितलं आणि दोन पेले. खालची दोन्ही पाती सोडवली, बुडाशी बूड ठेवून भोकांतून दाभण घातलं, आणि दाभणाची दोन टोकं दोन पेल्यांच्या काठांवर ठेवली. मध्ये पाती, तराजूसारखी. "हात काढ," मी म्हटलं. "श्वास पण लांब सोड." नवं पातं सावकाश खाली गेलं आणि जुनं वर आलं. परत सरळ केलं, परत नवंच खाली गेलं. शेखर वाकून, पात्याच्या पातळीला डोळे आणून बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "आता? घासायचं का हे?"

"घासायचं नाय. हलक्याला द्यायचं. राजश्री, तुझं टिकल्यांचं पाकीट आण."

"आई, टिकल्या?"

"चंद्रकोर नको, गोल आण. बारकी."

पहिली टिकली टोकाकडं लावली, तरी नवंच खाली. दुसरी लावली, तर जुनं खाली. "आता उलटं झालं," शेखर म्हणाला, आणि तिसरी, सगळ्यात बारकी, त्यानं स्वतः नखावर घेऊन दुसरीच्या जागी लावली. त्याची बोटं शिवरामांसारखी आहेत, जाड, पण काम करताना हलकी होतात. पाती आडवी झाली आणि आडवीच राहिली. राजश्री कुजबुजली, "राहिली हो." मला रबाळ्याचा वास आला, लोखंडाचा आणि खडूचा, खरा वास, रचलेला नाही. शेखर म्हणाला, "तू हेच करायचीस का तिथं? रोज?" मी म्हटलं, "हेच. बावीस वर्षं. पंखे बनवायचो आमी, शेखर." चाळीस-बेचाळीस वर्षं उशिरा. पण शब्द तोच, एकच. तो "हं" म्हणाला आणि पाती परत बसवायला लागला. खालचे स्क्रू लावून, वरचेही सैल करून त्यानं हेलिकॉप्टर आडवं धरलं, पाती आपल्या वजनानं खाली पडली. "एवढी ढिली," त्यानं मला दाखवलं. "बघून ठेव."

मग त्यानं ते जमिनीवर मधोमध ठेवलं. राजश्रीनं फोन लावला, पलीकडून संघमित्राचा आवाज, "आजी, तू रिपेअर केलंस? थापा नको मारूस हं!" भर्रर. एक सलग आवाज, पाय दोन्ही सारखे. ऐकूनच मला कळलं. मी डोळे टीपॉयवर ठेवले होते. आवाज वर गेला, आणि पंख्याच्या खाली थांबला. राजश्री म्हणाली, "बाई गं." संघमित्रा ओरडली, "बाबा, हलतच नाहीये!" शेखर म्हणाला, हळू, जणू मोठ्यानं बोललं तर पडेल, "आई, बघ. वर बघ ना."

मी खुर्चीचा हात धरला आणि वर बघितलं. नारिंगी हेलिकॉप्टर उजवीकडं सरकलं. मूळ जागी आलं. परत उजवीकडं सरकलं. त्याच्या मागं माझा बंद पंखा, तीन पाती, एका वजनाची, मी बांधलेली, तीही निघाली. छत निघालं. अजिबात घाई नव्हती कशाला. भीतीसुद्धा सावकाश आली, आली आणि शेजारी बसली. जिभेवर गोष्ट तयार होती. एक नाही, तीन. फ्लेमिंगोची, फोरमनची, तिसरी तर ताजी. सगळे हसले असते. आणि त्याला बापाच्या वेळेसारखं परत कांडल्याहूनच यावं लागलं असतं.

"शेखर," मी म्हटलं, "मला ते फिरताना दिसतंय."

"आई, ते जागेवर आहे गं."

"मला माहीताय ते जागेवर आहे. आवाजावरनं कळतंय. म्हनूनच सांगते."

राजश्रीनं फोन खाली केला. संघमित्रा "हॅलो, हॅलो" करत राहिली, मग तीही थांबली. शेखरची नजर हेलिकॉप्टरवर होती. त्यानं अंगठा जरासा मागं घेतला, आणि ते सरळ, दोरीनं सोडल्यासारखं, जमिनीवर उतरलं. रिमोट बाजूला ठेवून तो माझ्या खुर्चीपुढं येऊन खाली बसला. मला हात लावला नाही. मघाशी पात्यांना बघत होता तसे डोळे माझ्या डोळ्यांच्या पातळीला आणले.

"कुठल्या बाजूला?" त्यानं विचारलं.

"उजव्या."

"कधीपासून?"

"दोन आठवडे."

तो नुसता बघत राहिला. त्याच्या मागं जमिनीवर पाती अजून फिरत होती, सावकाश होत होती. आधी नुसता एक लाल गोल दिसत होता, मग टिकल्या सुट्या सुट्या दिसायला लागल्या.

"चार," मी म्हटलं. "पहिल्या रविवारपासून."